दोन बोटं लांब कार्ड

सांगलीच्या शिरगावकर बाई निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायच्या. चित्रं अडखळू लागली, म्हणून त्यांनी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते त्यांच्या तयार घेतलेल्या छोट्या कॉम्प्युटरला दोन बोटं लांब निघालं. काही केल्या झाकण लागेना. तीस वर्षं गणित शिकवलेल्या आपण न मोजता वस्तू आणली, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॉम्प्युटर आणि कार्ड घेऊन त्या परत दुकानात गेल्या. ‘बसेल, डोळे झाकून न्या,’ असं सांगणारे दुकानदार कोठावळे आता चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘गणिताच्या बाई ना तुम्ही? मोजायचं नाही होय? बदलून मिळणार नाही. झाकण उघडंच राहू द्या, काही होत नाही.’’

बाईंचे कान तापले. मान खाली घालूनच त्या म्हणाल्या, ‘‘बरं. मग आज दुकान बंद करताना तुम्हीही शटर उघडंच राहू द्या, काही होत नाही.’’

दुकानात हशा पिकला. कोठावळ्यांनी आखूड कार्ड काढून दिलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फूटपट्टी मागून घेतली आणि सगळ्यांदेखत, शरमेनं लाल होत, ते कार्ड दोनदा मोजलं.