न चाखता पारख

"उपटून टाका त्या वेली! सगळ्या!" राजा अरिंजय गरजला.

कारणही तसंच घडलं होतं. निंबारे गावच्या टेकडीवरल्या द्राक्षांची लाल मदिरा राज्यात सगळीकडे विकली जाई. लोक तिला लाडाने 'तांबडी' म्हणत. ती इतकी स्वस्त, की माहूत, धोबी, गवंडी, कुणालाही परवडावी. राजा मात्र प्यायचा ती मदिरा सात समुद्रांपलीकडून गलबतातून यायची. एका परदेशी पाहुण्याने त्याला सहज विचारलं, "महाराज, ही तांबडी म्हणतात ती काय असते?" आणि राजाचा चेहराच तांबडा झाला!

"हत्तीला अंघोळ घालणारा माणूस पितो ती मदिरा माझ्या राज्याची ओळख? त्या टेकडीवर गुलाबाची बाग करा!"

त्या वेलींचा धनी, निंबाऱ्याचा भिवा माळी, धावत दरबारात आला. त्याची मुलगी हौसा सोबत होती. तिने गोणपाटात गुंडाळलेला तांबडीचा घडा खाली ठेवला आणि म्हणाली, "महाराज, वेली उपटण्याआधी एकदा चाखून तर बघा."

राजाने मदिरापारखी वामदेवपंतांना खूण केली. पंतांनी नाकाला उपरणं लावलं, एक थेंब जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "शी! ओल्या गोणपाटाची चव!"

"पंत, जिभेने चाखलीत की डोळ्यांनी?" हौसाने विचारलं.

दरबारात खसखस पिकली. राजालाही हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं.

"पोरी, तोंडाने तिखट आहेस! तुझी तांबडी माझ्या मदिरेपेक्षा चांगली आहे, असं म्हणायचंय तुला?"

"होय महाराज."

"मग सिद्ध कर! पण तू चाखायची नाहीस, कारण तू गोडच म्हणणार. वास घ्यायचा नाही. आणि कुणाला मतही विचारायचं नाही. माझी माणसं मला भिऊन बोलतील, तुझ्या गावची तुझ्या मायेने. जमलं तर वेली राहतील. नाही जमलं तर उद्या संध्याकाळी कुऱ्हाडी चालतील!"

भिवाने कपाळाला हात लावला. न चाखता, न हुंगता, न विचारता मदिरेची पारख? आईने लावलेल्या वेली होत्या त्या. आई गेल्यावर हौसानेच त्यांना पाणी घातलं होतं. ती म्हणाली, "उद्या दुपारी राजवाड्यात मेजवानी आहे ना, महाराज? तिथे दोन सारखे रांजण काठोकाठ भरून शेजारी ठेवू द्या. एकात तुमची, एकात आमची."

"कोणती कुठली ते लपवायचं नाही हं!" पंत लगेच म्हणाले.

"मुळीच नाही. तुमच्या रांजणाला जरीचं वस्त्र बांधा, आमच्याला गोणपाट. ज्याला जी हवी ती त्याने आपल्या हाताने घ्यावी. एवढंच."

राजाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मेजवानी रंगली. राजाच्या कोपराशीच जरीचा रांजण होता, त्याच्या पलीकडे गोणपाटाचा. पहिला पेला सगळ्यांनी जरीच्याच रांजणातून घेतला. "वा! चंदनाचा भास!" पंत डोळे मिटून म्हणाले. "आणि शेवटी मधाची चाहूल!" सेनापती म्हणाले. सरदारांनी माना डोलावल्या.

मग झणझणीत मटणाचा रस्सा आला. कपाळांवर घाम फुटला, गप्पा वाढल्या, हशा वाढला. ओगराळी रांजणांत बुडत राहिली. हौसा भिंतीला टेकून उभी होती. ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. फक्त बघत राहिली.

ताटं उचलली गेली तशी ती पुढे आली. "महाराज, पारख झाली!"

"झाली? कधी?"

"दोन्ही रांजणांत डोकावून बघा."

सेवकाने दोन्ही रांजणांत ओगराळं घालून पाहिलं. जरीचा रांजण निम्म्याहून जास्त भरलेला! आणि गोणपाटाच्या रांजणाच्या तळाशी ओगराळं खडखड वाजलं.

"मी चाखलं नाही, हुंगलं नाही, कुणाला विचारलंही नाही," हौसा म्हणाली. "तुमच्या मदिरेचं सगळ्यांनी कौतुक केलं. आमची नुसतीच प्यायले."

वामदेवपंत ताडकन उठले. "महाराज, यात काय नवल? स्वस्त म्हणून प्यायले लोक!"

"पंत, आजची मेजवानी महाराजांची," हौसा शांतपणे म्हणाली. "दोन्ही फुकटच होत्या. फुकटात कुणी स्वस्त कशाला पिईल?"

पंत मटकन खाली बसले. पण राजा हट्टी होता. "ही सगळी माझी साधी माणसं! त्यांना काय कळतंय? खऱ्या रसिकाने कोणती घेतली ते सांग!"

"सांगते. एका रसिकाच्या कोपराशी जरीचा रांजण होता. तरी तो दर वेळी त्याच्यावरून वाकून पलीकडच्या रांजणात हात घालत होता. त्या नादात त्याची बाहीसुद्धा भिजली!"

"कोण तो?"

"महाराज, तुमची उजवी बाही जरा वर करता?"

राजाने बाही वर केली. कोपरापर्यंत तांबडी! त्याने बाहीकडे पाहिलं, हातातल्या पेल्याकडे पाहिलं, आणि तो असा खदखदून हसला की पेल्यातली उरलेली तांबडीही अंगावर सांडली. मग सेनापती हसले, सरदार हसले. पंतांनी हळूच आपली ओली बाही पाठीमागे लपवली, ती पाहून तर भिवाही हसला.

"वेली राहतील!" राजा डोळे पुसत म्हणाला. "शेजारची टेकडीही आजपासून तुझी, हौसा. तिच्यावर तळ्याचं पाणी आणून द्यायचं काम माझं. आणखी काही हवं?"

"एक विनंती आहे, महाराज. पुढच्या मेजवानीला आमचे दोन रांजण मागवा. आज शेवटच्या पंगतीला उरलीच नाही!"

"दोन कशाला? चार!" राजा म्हणाला, आणि पेला पुढे करून त्याने विचारलं, "घरून येताना आणखी एखादा घडा आणलायस का गं?"