किती थांबायचं

"मग तो विराम थोडा आखूड केला तर काय बिघडेल, सर?"

रूथने पुन्हा तेच विचारलं.

एडविन थॉर्लबींनी मान खिडकीकडे वळवली. खिडकीबाहेर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याचा करडा समुद्र पसरला होता. म्हातारा तिकडेच बघत राहिला.

रूथ उजगरे मूळची अहमदनगरची. तिचे वडील तिथल्या चर्चमध्ये पायपेटी वाजवत. पोरीची बोटं लहानपणापासूनच चपळ, आणि जीभ बोटांहून चपळ. पियानो शिकायला म्हणून ती विलायतेला आली आणि थॉर्लबींच्या दारात जी येऊन बसली, ती तिथलीच झाली. इंग्रज विद्यार्थी म्हाताऱ्याला खुशाल नावाने हाक मारत. नगरच्या मुलीला ते कधी जमलं नाही. ती 'सर'च म्हणे.

संगीतकार म्हणून सरांचं नाव मोठं होतं. त्यांच्या रचनांमधले लांबलचक विराम तर फारच गाजलेले. सूर चालता चालता एकदम थांबत आणि अख्खं सभागृह श्वास रोखून बसे. हे विराम सरांकडे आले कुठून, यावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली होती. कोणी म्हणे, जपानी मठांतून. कोणी म्हणे, युद्धात बॉम्ब पडून गेल्यावरच्या शांततेतून. सरांनी कधी कोणाला खोडून काढलं नाही.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणं अडखळू लागलं. तशातच डाव्या हाताने वेड्यावाकड्या खुणा करत त्यांनी एक रचना पुरी केली आणि ती रूथच्या हवाली केली.

रूथने ती लंडनला वाजवली. मध्यावर विराम आला. तिने हात उचलले. थांबली… थांबली… आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कुणी टाळ्या वाजवायला लागलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, की भारतीय वादक बाई मध्येच सूर विसरल्या.

ते तिला फार लागलं. विसरणं, आणि तिने? जन्मात कधी एक सूर चुकवला नव्हता तिने.

उद्या सरांच्या गावात तीच रचना पुन्हा वाजवायची होती. सर स्वतः समोर बसणार होते.

"निदान किती थांबायचं ते तरी लिहून द्या," ती म्हणाली. "चार मात्रा, आठ मात्रा, काहीही. तुम्ही नुसतं 'थांब' लिहून ठेवलंय."

"मी… तुला… त्या…"

"त्या हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नको. असंच ना?"

सरांनी मान हलवली. नाही.

"ते… तुझ्या…"

"माझ्यावर सोपवलंय? मीच ठरवू?"

पुन्हा तशीच नकाराची मान हलली. डोळे थकल्यासारखे झाले. तोंड मिटलं.

झटका आल्यापासून रूथ अशीच त्यांची वाक्यं पुरी करत असे. डॉक्टरांसमोर, पाहुण्यांसमोर, फोनवर. त्यांना कष्ट पडू नयेत म्हणून. बऱ्याचदा सर पुढे काही बोलतच नसत. तिला वाटे, चला, आपण बरोबर ओळखलं.

दुपार झाली होती. तिने सूप गरम केलं, पाव कापला, आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

सरांनी डाव्या हाताने चमचा भरला. तोंडाजवळ नेला… आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"काय झालं? फार गरम आहे का?"

चमचा हलला नाही. सुपाचा एक थेंब टेबलावर पडला.

"आई…"

रूथने तोंड उघडलं. सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती विनवणी होती.

तिने तोंड मिटलं.

"आई… अशी… धरायची."

मग फार वेळ लावून, एकेक शब्द उचलून आणत, त्यांनी सांगितलं.

वडील बेकरीत कामाला. भट्टीपुढचा धिप्पाड गडी, पण बोलताना अडखळायचा. शब्द अडला की अडला. मान ताठ व्हायची, चेहरा लालबुंद. गिऱ्हाइकं हसायची. मालक शब्द पुरा करून मोकळा व्हायचा. घरी मात्र जेवताना त्यांचा शब्द अडला, की आई हातातला चमचा हवेत तसाच धरी. मग मुलंही धरत. शब्द कोणी सुचवायचा नाही. नजर कोणी खाली वळवायची नाही.

"बाहेर… ते… मुके," सर म्हणाले. "घरात… बोलायचे. पुष्कळ."

"आणि सूप?"

"गार. नेहमी… गार."

ते हसले. हसू अर्ध्याच ओठांवर उमटलं.

रूथचे डोळे भरून आले. इतकी वर्षं या घरात काढली आणि हे तिला ठाऊक नव्हतं.

"मग ते जपानी मठ?"

"छान… असतील. मी… गेलो नाही… कधी."

रूथला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं. तिने हाताच्या पाठीने गाल पुसले. मग हळूच विचारलं,

"एवढं सगळं घर थांबायचं, सर… शेवटी वडील म्हणायचे तरी काय?"

सरांनी चमचा खाली ठेवला.

"ते…"

ओठ हलले. शब्द आला नाही.

रूथच्या जिभेवर शब्दांची गर्दी झाली. देवाचे आभार मानत असतील? आईचं नाव घेत असतील? मुलांना शाबासकी देत असतील? प्रत्येक शब्द बरोबर वाटत होता. तिने एकेक गिळला.

ती सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर भरती चढत होती. सुपावर पापुद्रा धरला. कधी नव्हे ते तिला कसलीच घाई नव्हती.

"ते…"

सरांचा चेहरा एकाएकी उजळला. लहान मुलाचा उजळावा तसा.

"बहुतेक वेळा… 'मीठ दे' म्हणायचे."