गुटगुटीत पिल्लांची जत्रा

एका जंगलाच्या काठाला, उसाचे मळे सुरू होतात तिथल्या करवंदीच्या जाळीत, एक रानडुकरीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. पोरांनो, ती मोठी कष्टाची. उजाडायच्या आत ती आणि रानातल्या बाकीच्या डुकरिणी माळावर कंद उकरायला जात. उकरून उकरून नाक सोलून निघे, पण तो कंद त्यांच्या पिल्लांच्या तोंडी लागत नसे. माळ डोंगरावरच्या अस्वलाचा, असं कोल्हा सांगे. खरं-खोटं कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळे कंद कोल्ह्यापुढे आणून ओतायचे, ते अस्वलाच्या पिल्लांना जायचे, आणि बदल्यात डुकरिणींना गुऱ्हाळामागे साचलेली, उसाच्या रसावरून काढून टाकलेली मळी मिळायची. कोल्हा म्हणे, "कंद चावत बसायला पोरांना वेळ लागतो. ही गोड मळी चाटवा. पोरं गप्प, तुम्ही कामाला मोकळ्या!"

मळी चाटून थोरलं पिल्लू फुगत गेलं. धाकट्याला ती मानवेना, सारखे ढाळ लागायचे. आई त्याला कुशीत घ्यायची, तेव्हा तिच्या नाकाला नुसती हाडं लागायची. हे पिल्लू पुढचा हिवाळा काढतंय की नाही, याच घोरात ती असे.

अशात कोल्ह्याने दरवर्षीप्रमाणे गुटगुटीत पिल्लांची जत्रा भरवली. थोरल्याचे गाल दाबून बघत तो ओरडला, "वा! याला म्हणतात बाळसं!" आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. आईचा ऊर भरून आला. तेवढ्यात कोल्ह्याची नजर धाकट्याकडे गेली. "आणि हा काडीपैलवान कुणाचा गं? तुझाच? एकाला पोसलंस नि दुसऱ्याकडे काणाडोळा केलास! आईचीच हयगय, दुसरं काय?"

"मालक, दोघांना मळी तीच चाटवते," ती खाली मान घालून म्हणाली.

"मग नीट चाटव!" कोल्हा म्हणाला, तशा बाकीच्या डुकरिणी फिदीफिदी हसल्या.

मग हार मिळालेल्या पिल्लाने मैदानाला फेरी मारायची, असं ठरलं. थोरलं चार पावलं धावलं आणि जीभ बाहेर काढून मटकन खाली बसलं. भावाला उठवायला धाकटं धावलं, तर तेही तिथेच कोसळलं. दोघं शेजारी शेजारी पडून धापा टाकू लागली. एक फुगलेलं, एक सुकलेलं; पण पाय दोघांचे सारखेच लटपटत होते. आईने मान वर केली. गंमत बघायला आलेली अस्वलाची पिल्लं या खडकावरून त्या खडकावर टणाटण उड्या मारत होती, आणि त्यांच्या तोंडात तिनेच सकाळी उकरलेले कंद होते.

तिच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले. "कोल्ह्या! ते कंद कुणी उकरले?"

"तू. पण माळ अस्वलाचा ना!"

"माळ अस्वलाचा, नाक माझं, आणि हयगयही माझीच होय रे? माझ्या लेकरांच्या तोंडचा घास डोंगरावर पोचवतोस, त्यांना गाळ चाटवतोस, आणि वर मला आईपण शिकवतोस?"

आता कुणी हसलं नाही. एक डुकरीण हळूच म्हणाली, "माझंही एक असंच आहे गं, जाळीत निजलेलं. लाजेपायी आणलं नाही." दुसरी म्हणाली, "माझंही." मग सगळ्याच उसळल्या. त्यांनी कोल्ह्यापुढे सकाळीच ओतलेला कंदांचा ढीग उधळला आणि आपापली पिल्लं त्यावर सोडली. कोल्हा लांबून किंचाळला, "अस्वलाला सांगतो!"

"सांग की! म्हणावं, एवढाली नखं आहेत, स्वतः उकर!"

त्या दिवसापासून पहिला कंद पिल्लांच्या तोंडी जाऊ लागला. थोरल्याची सूज उतरली, तो रान तुडवू लागला. धाकटाही जगला. पण पोरांनो, वाढीच्या दिवसांत जे पोटात गेलं नाही, ते पुढे ढीगभर घालूनही भरून आलं नाही. तो भावाच्या खांद्याला कधीच लागला नाही. आई त्याच्याकडे बघते आणि आजही कोल्ह्याचा नुसता वास आला, तरी माती उकरत उभी राहते.

तात्पर्य : पोट भरणं म्हणजे पोसणं नव्हे, आणि लेकरांचं सकस अन्न पळवणाऱ्याने त्यांच्या आईला बोल लावू नये.