शेवंताच्या बोरांचं सेवाशुल्क

एक जंगल होतं. त्यात सिंह नव्हता, म्हणून तिथे निवडणूक व्हायची.

गेल्या खेपेला भालेराव नावाचं अस्वल निवडून आलं. त्यांची घोषणा सोपी होती: "ढोलीत ठेवाल तर सडेल, पेढीत ठेवाल तर वाढेल." सुकवलेली बोरं ढोलीत ठेवली काय आणि पेढीत ठेवली काय, बोरं काही पिलं घालत नाहीत, हे साध्या सशालाही कळायला हवं होतं. पण घोषणेला ताल होता. ताल असला की आमच्या जंगलातले प्राणी आधी मान डोलावतात आणि विचार सवडीने करतात.

गादीवर बसताच भालेरावांनी फर्मान काढलं. प्रत्येकाने आपला साठा डोंगरातल्या मोठ्या गुहेत नेऊन जमा करावा. ढोलीत साठा सापडला तर तो जंगलद्रोह समजला जाईल. गुहेला 'वनकल्याण पेढी' असं नाव दिलं गेलं आणि मॅनेजर म्हणून उदाजी या उदमांजराची नेमणूक झाली. उदमांजर रात्री हिंडतं आणि फळं खातं, ही गोष्ट एका भेकराने भर सभेत काढली. भालेराव म्हणाले, "म्हणजे फळांचा अनुभव आहे." नेमणूक एकमताने मंजूर झाली. भेकराचं मत मोजताना हरवलं होतं.

त्या जंगलात शेवंता नावाची शेकरू राहायची. बाई कष्टाळू, जरा फटकळ, आणि सरकारवर विश्वास ठेवण्याइतकी भाबडी. थंडीत तिने करंडीभर बोरं सुकवली होती, ती तिने पेढीत नेऊन दिली. वैशाखात तिला दिवस गेल्याचं कळलं. पावसाळ्यात फळं कुजतात, झाडं निसरडी होतात आणि तान्ह्या पिलांना टाकून लांब जाता येत नाही. त्या दिवसांत शेकरू साठ्यावरच जगते. म्हणून ज्येष्ठ उजाडताच शेवंता आपली बोरं परत आणायला पेढीत गेली.

काउंटरवर काळतोंडे नावाचं वानर बसलं होतं. आधी जेवणाची सुटी होती. मग सुटीनंतरची सुस्ती होती. मग काळतोंडेंनी मान वर केली.

"शेवंताताई, बरं झालं आलात. तुमच्याकडून अकरा बोरं येणं आहे."

"माझ्याकडून? अहो, मी ठेवली होती. करंडीभर."

"ठेवलीत, अगदी बरोबर. ठेवल्याचं शुल्क लागलं. ते वजा केलं आणि तसा निरोप तुम्हाला धनेशाबरोबर पाठवला. निरोपाचं शुल्क लागलं, ते वजा केलं. वजा केल्याचा निरोप पाठवला. त्याचं शुल्क लागलं."

"मग?"

"मग त्याचाही निरोप पाठवला. आमच्याकडे काही लपवाछपवी नसते."

शेवंताला तो धनेश आठवला. वसंतभर तो मोठी चोच घेऊन फांदीवर यायचा, "वजा झालं" एवढंच म्हणायचा आणि उडून जायचा. तिला वाटलं होतं, थंडी वजा झाली.

"पण एवढी बोरं संपली कशी? एका निरोपाला एक बोर धरलं तरी..."

"तुमची घरटी किती, ताई?"

"सहा."

"तरीच."

इथे सांगायला हवं की शेकरू कधी एका घरट्यावर राहत नाही. एकावर घारीची नजर पडली तर दुसरं, दुसऱ्यात मुंग्या झाल्या तर तिसरं, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज आहे. पेढीने प्रत्येक निरोप सहाही पत्त्यांवर पाठवला होता. पाच ठिकाणी कोणी भेटलं नाही, म्हणून तिथे 'खातेदार न सापडल्याचा दंड' लागला. बोरं कमी झाली, तेव्हा 'किमान ढीग न राखल्याचा दंड' लागला. बोरं संपली, तेव्हा पेढीने मोठ्या मनाने तिला स्वतःहून उसनी बोरं दिली, त्यातून सगळे दंड वसूल केले आणि उसन्यावर व्याज लावलं.

"मी उसनं मागितलंच नव्हतं," शेवंता म्हणाली.

"मागावं लागत नाही. हीच तर सोय आहे."

"आणि हे सगळं मी कबूल कधी केलं?"

काळतोंडेंनी मागून सालीचा एक मोठा तुकडा काढला. पेढीच्या अटी त्यावर कोरल्या होत्या आणि तो दारात टांगलेला असायचा. त्याचा खालचा कोपरा कुरतडलेला होता.

"हे दात तुमचेच ना?"

दात तिचेच होते. खातं उघडायच्या दिवशी रांग फार लांब होती. रांगेत उभ्या शेकरूच्या तोंडापुढे साल टांगली तर ती कुरतडणारच, त्यात तिचा काही इलाज नसतो.

"अटी वाचायच्या असतात, ताई. खायच्या नसतात," काळतोंडे समजुतीने म्हणाले. "खाल्ल्या की मान्य झाल्या."

शेवंता तडक मॅनेजरच्या कपारीत गेली. उदाजी झोपले होते. साहेब दिवसा झोपायचे आणि रात्री गुहेतलं आतलं काम बघायचे, त्यामुळे त्यांची प्रकृती चांगली भरली होती. कपारीबाहेर शिपाई म्हणून एक सरडा बसला होता. त्याने दर सांगितला: साहेबांनी एक डोळा उघडायचा असेल तर दोन बोरं, दोन्ही उघडायचे असतील तर पाच.

"माझ्याकडे बोरं असती तर मी इथे आले असते का?"

"मग उचल म्हणून लावतो," सरडा म्हणाला. "एकच डोळा घ्या, ताई. दुसऱ्यानेही तेच दिसतं."

तेरा बोरांच्या कर्जावर उदाजींचा एक डोळा उघडला. त्यांनी तिची सगळी तक्रार ऐकली. मध्ये दोनदा "अरेरे" सुद्धा म्हणाले. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण सिस्टिमच तशी आहे."

"सिस्टिम कोणी केली?"

डोळा मिटला.

खरं सांगतो, मला या ठिकाणी राग येतो. डोहाळे लागलेल्या बाईला असं परतवायचं म्हणजे काय. पण शेवंता रडत बसली नाही. ती पाणवठ्यावर गेली. तिथे काटेमामा नावाचं म्हातारं साळिंदर कंदमुळं धूत होतं. तिने त्यांना सगळं सांगितलं.

काटेमामांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "किती वजात आहेस?"

"तेरा."

"मी चाळीस. काटा गळाला की पेढी दंड लावते. म्हणते, तारणाची किंमत उतरली. लाजेपायी मी कोणाला बोललो नाही, पोरी."

ससा पाणी प्यायचा थांबला. तोही वजात होता. भेकर वजात होतं. मोराला पिसारा फुलवल्याबद्दल जादा जागेचं भाडं लागलं होतं. कासवाने तर पेढीत काही ठेवलंच नव्हतं, ते फक्त दारावरून गेलं होतं. पण फार हळू गेलं, म्हणून त्याला थांबण्याचा आकार पडला. पाणवठ्यावर ज्याला विचारावं तो वजात निघाला आणि जो तो समजत होता, चूक आपलीच असणार.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून दरबारात गेले. पुढे शेवंता होती. तिने विचारलं, "महाराज, आम्ही सगळ्यांनी साठा आणून दिला आणि आम्ही सगळेच कर्जात. मग साठा आहे कुठे?"

भालेराव उभे राहिले. त्यांचा गळा दाटून आला. तो त्यांना हवा तेव्हा दाटून यायचा.

"माझ्या वनबंधूंनो आणि भगिनींनो. मागच्या राजाच्या काळात तुमच्यापैकी कोणाला कर्ज मिळत होतं? सशा, तू सांग. तुझ्या आजोबांना कोणी एक गाजर तरी उसनं दिलं होतं?"

"नाही," ससा म्हणाला.

"आज काय परिस्थिती आहे? आज आपल्या जंगलात असा एकही प्राणी उरलेला नाही, ज्याला कर्ज मिळालेलं नाही. शेजारच्या सगळ्या जंगलांत हा मान आपला पहिला आहे."

टाळ्या पडल्या. सशाने दोन्ही कान उभे केले. चाळीसच्या कर्जात असलेल्या काटेमामांना क्षणभर आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटलं आणि त्यांनीही टाळी वाजवली. शेजारचा मोर ओरडला, कारण काटा त्याला लागला होता.

शेवंता तेवढी जागची हलली नाही. "ते कळलं, महाराज. गुहा उघडून दाखवा."

असं कोणी तोंडावर म्हणेल याची भालेरावांना सवय नव्हती. शिवाय गुहेत काय आहे हे त्यांनीही कधी बघितलं नव्हतं. त्यांचा वाटा परस्पर घरी यायचा. ते म्हणाले, "दाखवू की. आम्हाला कसली भीती?"

गुहेच्या तोंडावरची शिळा सरकवली गेली. आत बोरं नव्हती, करवंदं नव्हती, उंबरं नव्हती. आत उदमांजराच्या लेंड्यांचा डोंगर होता, छताला टेकलेला. पुढच्या रांगेतले प्राणी मागे सरकले.

उदाजींनी त्या दिवशी दोन्ही डोळे फुकट उघडले.

"कोणीही घाबरून जाऊ नये," ते म्हणाले. "बारकाईने बघा. प्रत्येक लेंडीत बिया आहेत. एकही बी फुटलेली नाही, चावलेली नाही. बी म्हणजे तुमचं मुद्दल. ते जसंच्या तसं आहे. वरचा गर तेवढा सेवाशुल्कात गेला."

"तुम्ही खाल्लंत," शेवंता म्हणाली.

"आम्ही हाताळलं."

"आणि हे?"

"हा राखीव निधी."

भालेरावांनी नाकावर पंजा धरून घोषणा केली की पेढी भक्कम आहे, निधी डोळ्यांना दिसतो आहे, आणि ज्यांना दिसत नाही त्यांनी वास घ्यावा. ज्याला आपलं मुद्दल हवं असेल त्याने स्वतः निवडून न्यावं. निवडायला कोणी पुढे आलं नाही. त्यामुळे ठेवीदारांचा पेढीवर पूर्ण विश्वास असल्याची नोंद झाली. चौकशीसाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष उदाजी होते, कारण गुहेची माहिती दुसऱ्या कोणाला नव्हती.

आषाढात शेवंताला दोन पिलं झाली. दूध उतरत नव्हतं. तिने झाडाच्या साली चावल्या, कोवळे देठ चावले, पिलांना पोटाशी धरून धो धो पावसात बसून राहिली. पेढीने तिची पाच घरटी जप्त केली होती. सहावं राहिलं, कारण तिथवर चढताना काळतोंडेंचा पाय घसरला. काटेमामा रोज झाडाखाली येऊन एखादा कंद ठेवून जायचे. त्याच्या जोरावर शेवंता तगली.

आणि मग निवडणूक जाहीर झाली.

निवडणूक जाहीर होताच भालेरावांचं मन कळवळलं. 'माहेरची करंडी' नावाची योजना निघाली. जंगलातल्या प्रत्येक बाळंतिणीला राजाकडून करंडीभर सुका मेवा, तोही फुकट. पहिली करंडी शेवंताला द्यायचं ठरलं, म्हणजे बोलणारीचं तोंड गोड होईल. पाऊस थांबायची वाट बघून मांडव घातला गेला. करंडीवर भालेरावांचं हसरं चित्र होतं. करंडी चित्रापेक्षा लहान होती.

शेवंता पिलांना घेऊन आली. तिने करंडीत बघितलं. बोरं होती. प्रत्येक बोराचा देठ तिरका कुरतडलेला होता आणि तसा देठ कुरतडून सुकवायची पद्धत त्या जंगलात फक्त तिची होती. उदाजींनी राजाच्या घरी पोचवलेल्या वाट्यातली ती उरलेली बोरं होती.

"दोन शब्द बोला, ताई," काळतोंडे म्हणाले. "राजांविषयी."

शेवंताने सगळ्या जंगलाकडे बघितलं. "ही माझीच बोरं आहेत," ती म्हणाली.

उदाजींचा एक डोळा उघडला. काटेमामांनी मान वर केली. त्यांना वाटलं, आता काहीतरी होणार.

भालेरावांनी डोळे पुसले. "ऐकलंत? राजाची बोरं तिला स्वतःची वाटतात. एवढा आपलेपणा मला दुसऱ्या कुठल्या जंगलात मिळाला असता?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पिलं दचकून रडायला लागली. शेवंताने आणखी काही बोलायला तोंड उघडलं, पण पिलांचं रडणं ऐकून तिने ते मिटलं आणि करंडी उचलली. तिला ती बोरं हवी होती, आणि पोरांची पोटं भाषणाने भरत नव्हती.

भालेराव प्रचंड बहुमताने परत निवडून आले. प्रत्येक करंडीमागे मूठभर बोरं वाटप खर्च म्हणून कापून घेतली गेली होती, पण त्याबद्दल कोणीच तक्रार केली नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचा हिशेब मागणं आमच्या जंगलात बरं दिसत नाही.