साळूच्या पाठीवरचा चिखल

प्राणी शेती करायचे त्या काळातली ही गोष्ट. साळू सायाळ नदीपलीकडच्या शाळेत मातीचं शास्त्र शिकून घरी परतली, तेव्हा तिला वाटलं होतं की शेतं वाहून गेली असतील आणि बांध कसा घालायचा हे आता आपणच शिकवायचं. पण माळावर सगळे मिळून तिच्या आजोबांच्या वेळचा, हराळीनं घट्ट धरलेला बांध फोडत होते.

“ससेकाका, हे काय चाललंय?”

“अगं, माती अडवायला दरबार धान्य देतोय. पण नव्या बांधालाच. जुना मोडल्याशिवाय नवा घालायचा कुठं?”

“आणि मधेच पाऊस आला तर?”

“शिकून आलीस ना? मग ढगांना थांबायला सांग,” काका म्हणाले आणि सगळे हसले.

साळू खिंडारापाशी बसून राहिली. पूर्वी सुगी संपली की सगळे ओढ्यावर जायचे, पाठीवरून ओला चिखल आणून बांधाला लिंपायचे आणि संध्याकाळी एकत्र आंबील प्यायचे. छोट्या साळूच्या काट्यांत चिखल अडकून बसायचा. आजोबा म्हणायचे, “हिच्याइतका कुणालाच आणता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ससेकाका कुदळ घेऊन आले, तेव्हा साळू ओढ्याकडून चिखलानं माखून येत होती.

“याचं धान्य मिळणार नाही हो,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे, काका. खिंडार बुजेपर्यंत आणायचं ठरवलंय. जरा सरका.”

काका कुदळीसकट बाजूला झाले. साळूनं खिंडाराला पाठ टेकली.