लिहून द्या, वकीलसाहेब!

महाडच्या सुनंदाबाई पोतनीसांच्या कारखान्यात कातडी कमावायचं रसायन बनायचं. एका परदेशी कंपनीनं तेच रसायन मातीमोल भावानं देशात ओतलं, तेव्हा सरकारनं त्या परदेशी मालावर पाच वर्षांसाठी जादा कर बसवला आणि बाईंच्या साठ कामगारांच्या चुली पेटत्या राहिल्या. ती पाच वर्षं सरली. कर ठेवायचा की काढायचा, याची सुनावणी दिल्लीत लागली.

कंपनीचे वकील खोसला मोठ्या तोऱ्यात उभे राहिले. "साहेब, पाच वर्षांत आमचा एक डबा तरी पडेल भावानं आला का? पुढेही तसा विचार नाही. मग हा कर कशाला?"

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. तरी सुनंदाबाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पटलं मला. पुढची पाच वर्षं पडेल भावानं माल आणणार नाही, एवढं वकीलसाहेबांनी आत्ता लिहून द्यावं. कर काढायच्या अर्जावर पहिली सही माझी!"

खोसलांनी वळून कंपनीच्या साहेबांकडं पाहिलं. साहेब घाईघाईनं हातानंच 'नको, नको' म्हणत होते.

अधिकाऱ्यांना हसू आवरेना. कर आणखी पाच वर्षं कायम झाला. बाहेर येताच बाईंनी कारखान्यातल्या मुकादमाला फोन लावला, "मोरे, सगळ्यांना पेढे वाटा!"