भाऊरावांचे पथ्य

एकदा एका घाटाखालच्या बाजारगावात रावजीशेठ शेटे नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत होते. त्यांच्या दुकानात पितळी समया होत्या, तांब्याची घंगाळे होती, स्टीलच्या डब्यांच्या उतरंडी होत्या आणि गल्ल्याशेजारी काचेची एक मोठी टाकी होती. टाकीत सोनेरी मासे होते. त्यांतल्या सर्वांत थोरल्या, गुबगुबीत आणि संथ चालीच्या माशाला शेठजींच्या पत्नी शेवंताबाई 'भाऊराव' म्हणत. बोटाच्या पेराएवढा असताना त्यांनी तो आणला होता. संध्याकाळी गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली की त्या स्टूल ओढून टाकीपाशी बसत आणि दिवसभराची हकिगत भाऊरावांना सांगत. शेठजींना घरातल्या पुष्कळ गोष्टी टाकीच्या पलीकडे बसल्यामुळेच कळत.

या दुकानाची एक रीत होती. खरेदी झाली की गिऱ्हाइकाच्या तळहातावर माशांच्या खाद्याची चिमूट द्यायची आणि ती त्याच्या हातून पाण्यात सोडवायची. रुखवताची भांडी घ्यायला आलेल्या मुलीच्या हातून तर हमखास. गावात ते शुभ मानले जाई. शेवंताबाई असत तोवर माशांचे पोट भरले की खाद्याचा डबा मुकाट्याने फळीवर जाई आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नुसते हसू मिळे.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी शेवंताबाई दूरच्या शहरात गेल्या. जाताना म्हणाल्या, "घराकडे जरा दुर्लक्ष झालं तरी चालेल. भाऊरावांकडे होऊ देऊ नका."

शेठजींनी हे फारच मनावर घेतले. डबा फळीवर जाणे बंद झाले. येईल त्याला चिमूट, जाईल त्याला चिमूट. काही दिवसांनी भाऊरावांच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. ते तळाच्या दगडांवर अंग घासू लागले, आणि मग एका कोपऱ्यात खिन्न होऊन राहिले.

शहरातल्या दुकानी त्यावर औषधाची बाटली मिळते असे कळले. पण घाटात दरड कोसळली होती आणि रस्ता कधी मोकळा होईल ते कोणी सांगत नव्हते. इकडे गावभर बातमी पसरली आणि रिवाजाप्रमाणे लोक समाचाराला येऊ लागले. रिकाम्या हाताने समाचाराला जाण्याची त्या गावात पद्धत नव्हती. कोणी हळद आणली, कोणी अंगारा आणला, कोणी माणसांच्या तापाची गोळी कुटून आणली. शिवाय आजाऱ्याला ताकद यावी म्हणून प्रत्येकाने खाद्याची चिमूट टाकलीच. पाण्याला कढीचा रंग आला. एका सकाळी सर्वांत धाकटा मासा पोट वर करून तरंगताना दिसला.

शेवंताबाईंचा रोज फोन येई. शेठजी आधीच सांगून टाकत, "भाऊराव अगदी मजेत आहेत." धाकटा गेला त्या दिवशीही त्यांनी हेच सांगितले, आणि मग बराच वेळ ते एकच घंगाळ पुसत बसले. बायको परत आली की तिला कोणत्या तोंडाने सामोरे जायचे, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

गावाबाहेर तळ्याकाठी एक वृद्ध गुरुजी राहत. गुरे, पाखरे, मासे यांच्या दुखण्याखुपण्यात पंचक्रोशी त्यांना विचारी. श्रीरंग नावाचा एक तरुण त्यांच्यापाशी ही विद्या शिकत होता. शेठजी त्यांच्याकडे गेले आणि काकुळतीने म्हणाले, "गुरुजी, औषध मिळत नाही. तुम्हीच काहीतरी टाका."

गुरुजी दुकानात आले. त्यांनी बोट बुडवून पाण्याचा वास घेतला आणि मासे काढून ठेवायला भांडे मागितले. शेठजींनी दुकानातले सर्वांत देखणे तांब्याचे घंगाळ पुढे केले.

"माशाला तांबं सोसत नाही, शेठजी. प्लास्टिकचा टब द्या."

रावजीशेठ आयुष्यभर प्लास्टिकच्या नावाने बोटे मोडत आले होते. पण भाऊरावांसाठी ते स्वतः समोरच्या दुकानी गेले आणि निळा टब डोक्यावर घेऊन भर बाजारातून परत आले.

गुरुजींनी आणि श्रीरंगने नळी लावून तळाचा गाळ ओढून काढला. निम्मे पाणी जुनेच ठेवले. सगळे एकदम बदलले तर आजारी मासे आणखी दमतील, असे गुरुजी म्हणाले. त्यांच्या निरोपावरून अंगणात आदल्या दिवसापासून उन्हात भरून ठेवलेले पाणी त्यात ओतले, साधे खडेमीठ मापाने विरघळवले आणि मासे परत टाकीत सोडले. मग खाद्याचा डबा उचलून त्यांनी आपल्या पिशवीत टाकला.

"आता एका ताटलीत बडीशेप आणि खडीसाखर आणा," ते म्हणाले.

ताटली आली. गुरुजींनी ती टाकीशेजारी ठेवली आणि गंभीरपणे सांगितले, "हे औषध. समाचाराला येणाऱ्याच्या हातावर आल्याआल्या चिमूटभर द्यायचं. एकालाही चुकवायचं नाही."

"म्हणजे त्यांनी ते माशांना घालायचं?"

"माशांना अजिबात नाही. त्यांनी स्वतः खायचं. चावून."

दुकानात हशा पिकला. श्रीरंगचा चेहरा मात्र उतरला. आपल्या गुरूंचे वय झाले की काय, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात शेजारच्या गंगूआत्या आल्या. त्यांचा हात पदराच्या गाठीकडे गेला. गाठीत कसलीशी पूड होती. शेठजींनी लगबगीने त्यांच्या हातावर बडीशेप ठेवली.

"अगोबाई, आजारी तो आणि औषध मला?"

"गुरुजींनी सांगितलंय, आत्या."

आत्यांनी बडीशेप तोंडात टाकली. ती चावता चावता त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या, भाऊरावांकडे मायेने पाहिले, शेवंताबाईंची चौकशी केली आणि गेल्या. पुडीची गाठ तशीच राहिली. त्यांच्यामागून आलेल्यांचेही तेच झाले.

दुपारी श्रीरंग अंगणातून पाण्याची बादली आणत होता. त्याच्या खिशात कडुनिंबाचा वाटलेला पाला होता. गुरुजींची पाठ वळली की तो हळूच टाकीत सोडावा, असे त्याने ठरवले होते. पण त्याला राहवले नाही. बादली खाली ठेवून त्याने विचारले, "गुरुजी, रोग माशांना आणि औषध माणसांना, हा काय न्याय?"

गुरुजी पायरीवर बसले.

"श्रीरंग, मासा ज्या पाण्यात जेवतो त्याच पाण्यात निजतो आणि तेच पाणी श्वासाला घेतो. ताटातलं उरलं की ते त्याच्या अंथरुणात कुजतं. त्याला उठून बाजूला होता येत नाही, पुरे म्हणता येत नाही. इथं येणारा एकही माणूस वाईट मनानं येत नाही. पण दुखणं दिसलं की माणसाचे हात शिवशिवतात. काहीतरी द्यावं, काहीतरी टाकावं. ही भूक माशाची नव्हे, आपल्या हाताची. खरं औषध मिळत नाही म्हटलं की ती आणखी खवळते, आणि मग हाती लागेल ते औषध होतं. लोकांना येऊ नका म्हटलं असतं तर ते दुखावले असते. म्हणून हाताला बडीशेप दिली, तेवढाच माशाला विसावा."

"मग आपण करायचं ते काय?"

"पाणी. रोज थोडं काढायचं, रोज थोडं घालायचं. ते करताना बघायला कोणी येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तेवढंच राहून जातं."

गुरुजींनी मूठ पुढे केली. मुठीत बडीशेप होती. श्रीरंगने खिशातला पाला काढून अंगणातल्या तुळशीच्या मुळाशी टाकला आणि हात पुढे केला.

निघताना शेठजींनी विचारले, "भाऊराव वाचतील ना?"

"ते मला सांगता येणार नाही," गुरुजी म्हणाले. "तुम्ही मात्र फोनवर खरं ते सांगून टाका. तिथंही तुम्ही रोज 'मजेत'ची चिमूट टाकताहात."

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा शेठजींनी धाकटा गेल्याचे आणि भाऊराव आजारी असल्याचे सांगितले. मग शेवंताबाई म्हणाल्या, "न विचारता मजेत मजेत म्हणत होतात, तेव्हाच मला शंका आली होती. आता निदान झोप तरी लागेल. पाणी बघा नीट." शेठजींना त्या रात्री भूक लागली.

पुढे शेठजी स्वतः धोतराचा काचा मारून नळी धरू लागले. टाकीतला गाळ ओढताना मालकांना पाहण्याची गिऱ्हाइकांना सवय झाली. भाऊरावांच्या अंगावरचे ठिपके विरळ होत गेले. एके दिवशी ते कोपरा सोडून, जुन्या डौलात, टाकीच्या मध्यातून फिरले. शेठजींनी ते पाहिले आणि एका गिऱ्हाइकाला झाकणाशिवायच डबा बांधून दिला.

अखेर घाट मोकळा झाला. पहिल्याच एसटीने औषधाची बाटली आली, आणि त्याच एसटीने शेवंताबाईही आल्या. श्रीरंग आणि गुरुजी तेव्हा दुकानातच होते. श्रीरंगने बाटली हातात घेतली, भाऊरावांकडे पाहिले, आणि कोणी न सांगताच ती वरच्या फळीवर ठेवून दिली.

शेवंताबाई पिशवी खांद्यावर असतानाच टाकीपाशी गेल्या. धाकट्याची रिकामी जागा पाहून त्यांचे डोळे भरले. तेवढ्यात भाऊराव काचेशी आले आणि तोंड उघडमीट करू लागले. बाईंच्याने राहवेना. "वाळलात हो," असे म्हणत त्यांचा हात खाद्याच्या डब्याच्या जागेकडे गेला.

तो मध्येच कोणीतरी धरला. रावजीशेठांनी बायकोचा तळहात उघडला, त्यावर बडीशेपेची चिमूट ठेवली आणि बोटे हलकेच मिटली.

"त्यांचं आजचं जेवण गुरुजींच्या हातून झालंय," ते म्हणाले. "तू बस. मी स्टूल आणतो. आज त्यांना काय काय सांगणार आहेस, ते मीही टाकीच्या अलीकडे, तुझ्याशेजारी बसून ऐकतो."

शेवंताबाईंनी एकदा मुठीकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिले, आणि बडीशेप तोंडात टाकली. गुरुजी पिशवी उचलून निघाले. श्रीरंगही त्यांच्यामागून निघाला.

आपल्या घरी कोणी आजारी असेल, तर बडीशेपेची ताटली पहिल्यांदा स्वतःसमोर ठेवावी, आणि मग पाणी बदलायला उठावे.